संकष्टीची ओहोटी

खाडीकाठची तिवरं साफ करायला गेले त्या पहिल्याच रविवारी मी जे उपटलं ते तण नव्हतं. काटेरी पानं, गुडघ्याच्या वर दाट माजलेलं, दिसायला घाणेरीसारखं दांडगट. दोन तास हातमोज्यांतून काटे बोचून घेत मी दीड गोणी भरली आणि मोठ्या अभिमानाने बांधावर आणून ठेवली. आमच्यावर लक्ष ठेवायला वनखात्याचे एक जुने कर्मचारी होते. त्यांनी गोणीत डोकावून बघितलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "मॅडम, ही मारांडी. ही इथलीच आहे. हिच्यामुळे काठाचा चिखल धरून राहतो." बाजूला माझे चार विद्यार्थी उभे होते. एकही हसला नाही, हे त्यांचं मोठेपण.

ही 2017 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. जागा बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराई खाडीच्या आमच्या बाजूचा काठ. तेव्हा मला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवायला लागून एकवीस वर्षं झाली होती आणि आपल्याला बिघाड शोधता येतो असा माझा ठाम समज होता.

तो समज अगदीच फुकटचा नव्हता. 1996 साली मी लागले तेव्हा आमच्या लॅबमध्ये काळी कोअॅक्सिअल केबल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी माळेसारखी फिरवलेली असे. माळेच्या दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारं बूच. नखाएवढी वस्तू, पण ती निघाली की आख्खी लॅब बंद. एका सकाळी तसंच झालं. मी ड्रायव्हर पुन्हा टाकले, सर्व्हर दोनदा चालू-बंद केला, प्रोटोकॉलच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या. दोन तासांनी झाडलोट करणाऱ्या मावशी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे काल केरात सापडलं, तुमचं आहे का बघा." त्यांच्या तळहातावर टर्मिनेटर होता.

त्या दिवसापासून प्रत्येक बॅचला पहिल्या प्रॅक्टिकलला मी एकच घोकायला लावते: खालून वर. आधी केबल बघा. मग लिंकचा दिवा. मग आयपी, म्हणजे मशीनचा पत्ता. सॉफ्टवेअरला शिव्या सगळ्यात शेवटी. ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कच्या रचनेचे, सात थर परीक्षेपुरते पाठ केले तरी चालतील, पण सगळ्यात खालचा थर हाताने चाचपल्याशिवाय वर चढायचं नाही.

तारा बदलत गेल्या. कोअॅक्स जाऊन आठ बारीक तारांची कॅट फाइव्ह आली. लॅमिंग्टन रोडवरून मी स्वतः घासाघीस करून तारांवर प्लग दाबून बसवायचे क्रिंपिंग टूल आणले, त्यातला एक अजून चालतो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मला झोपेतही येतो, आणि झोपेत मी तो बडबडते असं घरच्यांचं म्हणणं आहे. आठही तारा एका रेषेत कापून प्लगात सरकवायच्या, प्रत्येकीचं टोक समोरच्या पारदर्शक भिंतीला टेकलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच दाबायचं. दरवर्षी निम्मी मुलं न बघता दाबतात, आणि टेस्टरवर सातवा दिवा लागला नाही की माझ्याकडे बघतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कॉलेजातच अडकले होते. आमची लॅब तळमजल्यावर आणि स्विचची रॅक अगदी खाली, जमिनीलगत. रात्री जिन्यात बसून आम्ही ते पाणी चढताना बघत होतो. तिसऱ्या दिवशी पोर्टांमधून मी टाचणीने गाळ काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरं तोडायला आणि त्यांच्यात भराव टाकायला बंदी घातल्याची बातमी आली. ती मी वाचली आणि पान उलटलं. पाण्याला जायला जागा लागते आणि खाडीकाठची तिवरं म्हणजे ती जागा, हा संबंध मला तेव्हा लागला नाही. मला रॅक वरच्या मजल्यावर हलवण्याची चिंता होती.

तर या कामाला मी लागले ती एका विद्यार्थ्यामुळे. रविवारच्या जादा तासाला तो सतत दांडी मारायचा. विचारलं तर म्हणे, "मॅडम, मी तिवरं साफ करायला जातो." मला ती थाप वाटली. खरं-खोटं करायला गेले आणि मारांडी उपटून आले. त्यानंतर न जाणं हा कमीपणा वाटला, म्हणून जात राहिले.

पहिलं वर्षभर नुसतं प्लास्टिक काढलं. तिवराची श्वासाची मुळं जमिनीतून सरळ वर येतात, एखाद्याने चिखलात शेकडो पेन्सिली टोकं वर करून रोवल्यासारखी. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड ही मुळं वर काढतं आणि ओहोटीच्या वेळी त्यांतून श्वास घेतं. भरती येताना पिशव्या घेऊन येते आणि जाताना त्या या पेन्सिलींवर अडकवून जाते. ओल्या प्लास्टिकची पापुद्र्यासारखी चादर होते आणि खाली मुळं गुदमरतात. ती चादर खसकन ओढली तर मुळंच मोडतात. एकेक टोक मोकळं करत, वाकून, बोटांनी सोडवावी लागते. तासाभरात एक घमेलं भरतं. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, गुटख्याची पाकिटं. थर्माकोल सगळ्यात वाईट, हातात धरला की त्याचे दाणे होतात.

चालायलासुद्धा शिकावं लागलं. गमबूट घालून गेले त्या दिवशी चिखलाने उजवा बूट ठेवून घेतला आणि मला मोज्यावर परत पाठवलं. आता जुने कॅनव्हासचे बूट, नाड्या घोट्याला आवळून. पाय उचलायच्या आधी टाच थोडी फिरवून हवा आत घ्यायची, मग तो सुटतो.

भरतीची वेळ मोबाइलवर कळते, हे मला ठाऊक होतंच. पण कोळीवाड्यातल्या एक मावशी तिथे चिंबोऱ्या आणि निवट्या (चिखलात बिळं करणारे मासे) धरायला यायच्या, त्यांनी मला तिथीची पाऊणपट शिकवली. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊच्या आगेमागे ओहोटी. थोडंफार इकडेतिकडे, पण मी सहा महिने मोबाइलशी ताडून बघितलं आणि मग ताडणं सोडून दिलं. चिखलात काम करायला सकाळची नऊची ओहोटी सगळ्यात सोयीची. त्यामुळे विनायकी नाहीतर संकष्टी रविवारी आली की आमची चंगळ. संकष्टीला माझा उपास असतो. साबुदाण्याच्या खिचडीचा डबा बांधावर ठेवायचा आणि कावळ्यांवर नजर ठेवायला एका मुलाला बसवायचं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या पट्ट्यात एक उघडा तुकडा होता, साधारण दोन बॅडमिंटन कोर्टांएवढा. चारी बाजूंना तिवरं आणि मध्ये हे टक्कल. 2018 च्या पावसाळ्यात एका कंपनीने तिथे लागवडीचा कार्यक्रम ठेवला. टी-शर्ट, फलक, नाश्त्याची खोकी. पिशवीतली कांदळाची रोपं आणली होती, तेही तिवरासारखंच खाडीतलं झाड. कांदळाच्या बीचं मला फार अप्रूप वाटलं. ती झाडावरच रुजते, शेवग्याच्या शेंगेसारखी लांब लोंबते आणि तयार झाली की सुटून खाली येते. आम्ही रोपं ओळीत लावली. ओळी सरळ याव्यात म्हणून मी दोरी धरली होती. सप्टेंबरात सगळी हिरवीगार. फोटो गेले, कौतुक झालं. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली आणि मे महिन्यात तिथे नुसत्या काड्या उभ्या होत्या. त्या कंपनीचं कोणी पुन्हा फिरकलं नाही, पण त्यांना काय बोलणार, दुसऱ्या वर्षी तोच मूर्खपणा मी स्वतः केला. "रोपं कमजोर होती," असं सांगून 2019 मध्ये मुलांना घेऊन पुन्हा लावली, या वेळी जास्त. पुन्हा तेच. मग मी म्हटलं, पाण्यात रसायन असणार. केमिस्ट्रीच्या सरांकडून पीएच मोजायच्या पट्ट्या आणल्या, बाटल्यांवर तारखा घालून नमुने घेतले, वहीत तक्ते केले. पट्ट्यांत काही सापडलं नाही, तर पट्ट्या जुन्या आहेत असं ठरवलं.

म्हणजे सर्व्हर दोनदा चालू-बंद करून झाला होता.

मग 2020. घरात बसून राउटिंग शिकवलं. पंचेचाळीस काळ्या चौकटींकडे बघून "कळतंय का?" विचारायचं आणि चौकटीतून कोणाच्या तरी घरचा कुकर उत्तर द्यायचा. मुलांना केबल हातात देता येत नव्हती, याचाच मला सगळ्यात राग येई. त्या ऑगस्टमध्ये राज्याने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हा चौकटीतला एक आवाज म्हणाला, "मॅडम, आपण लावली ती हीच का?" "नाही," मी म्हटलं, "आपण लावली ती मेली."

2021 च्या हिवाळ्यात परत गेले. त्या टकलावर उभी राहून तिसऱ्या लागवडीचा हिशोब करत होते. मावशी टोपली घेऊन बाजूने चालल्या होत्या. थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "झारां कसली लावतंस, बाय? पयलं पानी येव दे."

बस एवढंच. त्या पुढे गेल्यासुद्धा.

मी खाली बघितलं. पायाखाली मोरस उगवली होती, ती लालसर मांसल पानांची खारट भाजी. बाजूच्या तिवरांत ती नव्हती. टकलावरची माती भेगाळलेली, भेगांच्या कडांना पांढरी बुरशीसारखी पूड. बोटाला लावून जिभेवर ठेवली, मीठ. तिवराचं पान चाटलं तरी मीठ लागतं, कारण ते झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. पण इथे जमिनीलाच मीठ फुटलं होतं. पाणी फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढत होतं, परत जायला वाट नव्हती म्हणून तिथेच सुकत होतं आणि मीठ मागे ठेवत होतं. पावसाळ्यात पाऊस ते धुऊन काढायचा, म्हणून आमची रोपं सप्टेंबरच्या फोटोंत हिरवी दिसायची. उन्हाळ्यात ती लोणच्यात उभी होती. यातलं काहीही शोधायला पीएचची पट्टी लागत नव्हती, खाली वाकून बघायला लागत होतं. पंचवीस वर्षं मुलांच्या डोक्यावर "आधी केबल बघा" हाणणारी मी, चार वर्षांत एकदाही भरतीच्या वेळी तिथे उभी राहिले नव्हते. भरतीला काम होत नाही म्हणून आम्ही यायचोच नाही.

पुढचं काम मात्र मला येत होतं. खाडीपासून टकलापर्यंत आम्ही दहा बांबू रोवले, वीतभर अंतरावर रंगाचे पट्टे ओढले. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणली, पाणी भरून दोघांनी दोन टोकं धरली आणि प्रत्येक बांबूजवळची जमीन किती उंच ते मांडलं. मग मुलं जोडीजोडीने बांधावर बसली आणि कुठल्या बांबूला पाणी किती वाजता टेकतं ते लिहू लागली. एकाने वहीवर 'ट्रेसराउट' असं नाव घातलं, म्हणजे नेटवर्कमध्ये वाट कुठे अडते ते टप्प्याटप्प्याने दाखवणारी आज्ञा. मी ते खोडलं नाही.

पहिल्या चार बांबूंना पाणी नेमाने येत होतं. पाचव्याला सव्वा तास उशिरा, तेही उधाण असेल तरच. नळीच्या हिशोबाने पाचव्याची जमीन चौथ्यापेक्षा जेमतेम चार बोटं उंच होती. चार बोटांसाठी सव्वा तास लागत नाही. मध्ये काय आहे? मध्ये एक जुनी पायवाट होती, राडारोडा टाकून केलेली. तिच्याखालून पाणी जायला कोणीतरी कधीकाळी सिमेंटचा पाइप टाकला होता, आणि आम्ही चार वर्षं त्याच्यावरूनच चालत होतो. मी बाजूची मारांडी हाताने दूर केली (उपटली नाही) आणि टॉर्च मारला. तोंड गच्च बंद.

पाइप सापडला म्हणून आपण फावडी घेऊन सुटायचं नसतं. ती संरक्षित जागा आहे. न्यायालयाने 2005 साली दिलेला आदेश सप्टेंबर 2018 मध्ये अंतिम निकालाने पक्का झाला आहे, आणि तिथे चांगल्या हेतूने केलेली खोदाईसुद्धा खोदाईच. मी अर्ज केला. सोबत बांबूंचा तक्ता, वेळा, फोटो. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला. एका ठिकाणी "तुम्ही लागवड का करत नाही, लागवडीला लगेच परवानगी मिळते" असा सल्ला मिळाला. एका ठिकाणी माझा तक्ता हरवला. दुसरी प्रत दिली, मग ती फाइलला उलटी लावली गेली. सात महिने गेले. या भागाबद्दल अजून लिहिण्यासारखं बरंच आहे, पण लिहिताना रक्तदाब वाढतो.

2022 च्या मे महिन्यात वनखात्याच्या माणसांच्या देखरेखीखाली दोन ओहोट्यांत पाइप मोकळा झाला. यंत्र नाही, फावडी, आकडे आणि घमेली. आतून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या निघाल्या, दगड झालेल्या. एक प्लास्टिकची खुर्ची. काच फुटलेली देवाची तसबीर, जी कोणालाच गोणीत टाकवेना, म्हणून ती शेवटी एका मुलाने घरी नेली. आणि केबल. खरंच, दोनेक मीटर कॅट फाइव्ह, राखाडी. मुलांना काय आनंद झाला! मी टोक बघितलं, क्रिंपिंग चुकीचं होतं.

काम संपल्यावर कोणी घरी जाईना. दुपार चढली होती. आम्ही टकलाच्या कडेला बसलो. पाणी येताना आवाज नसतो. आधी पाइपाच्या तोंडाशी चिखल चकाकला. मग फेसाची एक रेघ आली, तिच्यावर तिवराची दोन सुकी पानं. रेघ भेगांपाशी आली आणि भेगांत उतरली. बराच वेळ पुढे सरकेना, कारण जमीन पीत होती. भेगांतून बुडबुडे यायला लागले, टकलावर सगळीकडे बारीक बुडबुड बुडबुड. पाचव्या बांबूला बसलेल्या मुलीने घड्याळ बघून वेळ ओरडून सांगितली. चौथ्यानंतर नऊ मिनिटं.

आम्ही त्या पावसाळ्यात एकही रोप लावलं नाही. तिवराचं बी बदामाएवढं असतं, फळाच्या आतच रुजायला सुरुवात झालेली असते. पावसात ते गळतं आणि भरतीवर तरंगत फिरतं. बाजूला इतकी तिवरं होती आणि त्यांचं बी दरवर्षी त्या पाइपाच्या तोंडाशी येऊन परत जात होतं. ऑगस्टमध्ये ठाणे खाडी रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेल्याची बातमी आली. आमचा तुकडा कुठल्याच यादीत नव्हता, पण त्याच आठवड्यात तिथे पहिले अंकुर दिसले. दोन जाडसर बीजपत्रं, मध्ये कोंब, आणि एक बारीक मूळ चिखलाला चिकटलेलं. ओळीत नव्हते. जिथे पाणी ठेवून गेलं तिथे, कुठे सात एकत्र, कुठे एकही नाही. मोजायला बसलो, एकशे अकरावर पाऊस आला.

गेल्या हिवाळ्यात काही तिवरं माझ्या कमरेला आली. मोरस कडेला सरकली आहे. एका बाजूची नांगी भलीमोठी असलेले बारके खेकडे परत आलेत, आणि निवट्याही. मावशींना मी मुद्दाम तिकडे नेलं, म्हटलं बघा. त्यांनी झाडांकडे फारसं बघितलं नाही. निवट्यांची बिळं बघितली, टोपली खाली ठेवली आणि कामाला लागल्या.

सगळं छान चाललंय असं नाही. टकलाची उत्तरेकडची कड अजून उघडीच आहे, तिथे जमीन उंच आहे आणि नळीने पुन्हा मोजायला हवं. आणि कॉलेजात पुढच्या वर्षीपासून केबलिंगचं प्रॅक्टिकल सिम्युलेटरवर घ्यावं असं घाटतंय. मुलांनी माउसने ओढायची केबल. मी विरोधाचं टिपण दिलं आहे. या अर्जाचा प्रवास मला पाठ आहे.

गणपतीनंतर पाइपात थर्माकोल अडकला आहे, परवा बघून आले. पाचव्या बांबूला पुन्हा वीस मिनिटं लागतात. आकडा घालून निघेल, पण ओहोटी हवी. पुढची संकष्टी शनिवारी आहे आणि शनिवारी नऊला माझं तिसऱ्या बॅचचं प्रॅक्टिकल असतं. कोणाशी तरी अदलाबदल करून घ्यावी लागेल.